खुर्चीखालचा दांडा

४ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

परवा सकाळी तुला दवाखान्यात घेऊन गेलो, तेव्हापासून घास गिळवत नाही. तू खुर्चीतून उठायला पाय मागे घेतलेस, ते खालच्या आडव्या दांड्याला अडले आणि तू हातावर आपटलीस. कोण्या गाढवाने ही खुर्ची केली, म्हणून मी ओरडलो. तुला आत नेल्यावर ती उलटी करून पाहिली. बुडाला आमच्याच कारखान्याचा शिक्का, आणि नमुन्याचा नंबर माझा!

अक्का, एकवीस वर्षं मी खुर्च्यांचे नमुने काढतोय, आणि मला माझीच खुर्ची ओळखू आली नाही. जुनी वही पाहिली. एका दुपारी तीन नमुने उरकले होते, त्यातला हा दुसरा. महिन्याला पंधरा काढतो म्हणून साहेब पाठ थोपटतात. हल्ली प्रार्थनासुद्धा जिना उतरताना आटोपतो. आता याच खुर्च्या एकवीस तारखेला आणखी चाळीस दवाखान्यांत जाणार, माझ्याच सहीने. मला काही सुचत नाही.

मनगट जप. या गाढवावरची माया कमी करू नकोस.

तुझा,
ठोक्या

९ मार्च

चि. ठोक्यास,
अ. आ.

मनगट प्लास्टरमध्ये आहे, जीभ मोकळी आहे. सूनबाईकडून लिहून घेतेय, म्हणून शिव्या गाळल्यात. पडले मी आणि उपाशी तू? आधी जेव.

लहानपणी माझ्यासाठी एक स्टूल करायला तू पंधरा दिवस लावलेस. रोज येऊन मी कशी बसते ते बघायचास. पोरगं मंद आहे म्हणून आई कपाळाला हात लावायची. तसा मंद हो. दवाखान्यात जाऊन नुसता बस. कागद नेऊ नकोस, हात शिवशिवतील.

तब्येतीची हेळसांड करशील तर गाठ माझ्याशी आहे.

अक्का

२० मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

रजा टाकून आठ सकाळी बसलो. तीन दिवस नुसती माणसं दिसली. चौथ्या दिवशी पाय दिसले. उठण्याआधी प्रत्येक जण पाय मागे घेतो. एका आजोबांना तीनदा उठता आलं नाही. नंबर पुकारला, तर शेजारणीला म्हणाले, मला घाई नाही, तुम्ही आधी जा. त्यांचे पाय दांड्याला अडत होते. एकवीस वर्षांत मी एकाही माणसाला उठताना पाहिलं नव्हतं! देवापुढेही इतका स्थिर कधी बसलो नव्हतो.

त्या आठ दिवसांत एकच खुर्ची सुचली. खाली मोकळी, हात जरा पुढे आलेले. साहेबांना दाखवली. ते म्हणाले, एका दांड्यासाठी वेडा झालास का? उद्या माल जाऊ दे, एक तारखेपासून विभागाचा प्रमुख तू. नाहीतर ती जागा दुसऱ्याला.

माझ्या सहीशिवाय माल हलत नाही. आज दुपारी सही मागे घेतल्याचं पत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं, आणि फाटकात उभ्या ट्रकमधून खुर्च्या उतरवून घेतल्या.

तुझा,
ठोक्या