अर्थिंग चोख आहे

३ मार्च, सकाळी ७.१०
नवी वही. जुनीत नुसते संकल्प होते, हिच्यात कामं असतील.

काल मुलीचा फोन. चार वर्षांनी येतेय, नवऱ्याबरोबर, व्हॅनमधून. व्हॅन म्हणजे चाकांवरचं घर. पलंग, शेगडी, गीझर, सगळं आत. फक्त वीज बाहेरून लागते. अंगणात पॉइंट मिळाला तर आठवडाभर राहू, नाहीतर दुपारी भेटून पुढे जाऊ, म्हणाली. मी म्हणालो, मिळेल. ही फोनला कान लावून शेजारी उभी. एकुलती एक लेक, त्यामुळे हिच्या डोळ्यांना लगेच पाणी. माझ्याही. पण माझ्या डोळ्यांत धूळ गेली होती.

आधी येऊन तोच पॉइंट बसवून देईल, असंही मुलगी म्हणाली. तो म्हणजे जावई. धंद्याने वायरमन. माझ्याच वर्गात फिजिक्समध्ये दोनदा आपटलेला. मी एकतीस वर्षं विद्युतधारा शिकवली आणि माझ्या अंगणात वायर त्याने ओढायची? अशक्य.

त्यांच्या लग्नाला मी गेलो नव्हतो. त्या दिवशी कंबर धरली होती. खरंच धरली होती. थोडी.

संकल्प: रोज दोन तास काम. चिडायचं नाही.

५ मार्च
दुकानात गेलो. जाड केबल, पाणी न शिरणारा बॉक्स, सॉकेट, अर्थिंगचा सहा फुटी रॉड. दुकानदार मलाच शिकवायला लागला. व्हॅन रबरी टायरवर उभी असते, अंग सगळं पत्र्याचं. आत करंट गळला तर त्याला जमिनीत उतरायला वाट हवी, नाहीतर तो पत्र्यावरच राहतो आणि हात लावणाऱ्यातून उतरतो. रॉड पूर्ण आत गेलाच पाहिजे, काका, असं तीनदा म्हणाला. काका! करंट गळला की आपोआप पडणारा एक स्विचही गळ्यात मारला.

८ मार्च
आज फक्त वाचन. आधी थिअरी पक्की.

९ मार्च
थिअरी वाचताना झोप लागली. म्हणजे पक्की असणार.

१३ मार्च
चर खणला, केबल पुरली. दोन फूट खोल हवी, एक फूट झाली. गवताखाली कोण बघतंय.

१५ मार्च, सकाळी १०
रॉड. सव्वा फुटावर खडक. हातभर सरकून पुन्हा ठोकला. खडक. तिसऱ्या जागी पण खडकच. तळहाताला फोड. ही म्हणाली, जावयाला नाही तर नाही, दुसऱ्या कुणाला तरी बोलवा. मी तिला समजावलं की खडक हासुद्धा पृथ्वीचाच भाग आहे. ती पिशवी घेऊन बाजारात गेली.

११.४०
हॅकसॉने वरचा भाग कापला. आता बाहेरून सहा फुटी रॉड पूर्ण आत गेल्यासारखा दिसतो. विज्ञान म्हणजे शेवटी निरीक्षण.

१७ मार्च
ट्रायल. जुनी इस्त्री लावली. तो आपोआप पडणारा स्विच पडला. पुन्हा लावली, पुन्हा पडला. तिसऱ्यांदाही तेच. काढून टाकला, वायर सरळ जोडली. इस्त्री झकास तापली. यश.

२० मार्च
आले! मुलगी वाळली आहे. बाबा, केस किती पांढरे झाले, म्हणाली. मी म्हणालो, उन्हामुळे तसे दिसतात.

जावई अजून मला सर म्हणतो. प्लग लावण्याआधी त्याने पट्ट्याच्या पिशवीतून मीटर काढला. मुलीने त्याच्याकडे बघितलं. बाबांची परीक्षा घेऊ नकोस, अशी नजर. मग त्याने नुसतं विचारलं, सर, अर्थिंग? मी म्हणालो, चोख आहे. रॉड? पूर्ण सहा फूट. त्याने मीटर परत पिशवीत ठेवला. तुम्ही केलंय म्हणजे झालं, सर, म्हणाला.

चार वर्षांत पहिल्यांदा हा माणूस मला आवडला. मीटर आत गेला तसा मी घाईने सगळ्यांना जेवायला चला म्हणालो. भूक असावी.

२१ मार्च
मायलेकी व्हॅनच्या पायरीवर बसून हसत होत्या. हे घर हसतं, हे मी विसरलो होतो. जावयाने शाळेतली एक शंका विचारली, तेव्हा विचारायची भीती वाटायची म्हणे. तासभर समजावलं. त्याला दहा मिनिटांत समजलं, उरलेली पन्नास मिनिटं माझ्यासाठी बसला. त्याच्या नापास होण्यात शिक्षकाचीही थोडी चूक असू शकते.

रॉडचं उद्या सांगतो. सहज, हसत हसत.

२२ मार्च
विषय निघाला नाही. मुलगी म्हणते, दोन आठवडे राहू. उद्या नक्की सांगतो.

२३ मार्च
आज सकाळी गवत हिरवं दिसावं म्हणून मी पाणी मारलं. मुलीने व्हॅनमधला गीझर लावला होता. अनवाणी उतरली. एक पाय ओल्या गवतावर, हात दाराच्या पत्र्याच्या कडेवर. ओरडली आणि तो आवाज मध्येच बंद झाला. हात सुटेना. मी नळी धरून तसाच उभा. जावयाने धावत जाऊन मेन स्विच पाडला, तेव्हा ती खाली कोसळली.

जिवंत आहे. तळहात भाजलाय, खांद्याचं हाड मोडलंय. आणखी दोन-तीन सेकंद आणि संपलं असतं, असं डॉक्टरीण म्हणाली.

दुपारी जावई तिचे कपडे न्यायला घरी आला. अंगणात गेला, बॉक्स उघडून बघितला. मग वाकून रॉड एका हाताने ओढला. मुळा उपटावा तसा वर आला. कापलेलं टोक त्याने बोटाने चाचपलं आणि माझ्याकडे बघितलं. ओरडेल असं वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने रॉड परत खाली खोचला आणि हात धुतले.

हॉस्पिटलमध्ये तिला म्हणाला, गीझरमधून करंट गळत होता, तो मीच बसवलेला. मीटर काढून परत ठेवला, तेही मीच. चूक माझी. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. बोलायला तोंड उघडलं. आणि पाणी मागितलं.

२७ मार्च
गेले. निघताना मुलगी माझ्याजवळ आली. तुम्ही या वयात एवढं राबलात, बाबा, आणि याने साधं तपासलंही नाही. परक्यांच्या घरी मीटर लावल्याशिवाय वायरला हात घालत नाही, माझ्या वेळी मात्र लावला नाही. तुम्ही याच्याबद्दल म्हणत होता ते खोटं नव्हतं.

चार वर्षं हेच ऐकायची इच्छा होती. ऐकलं.

३१ मार्च
पाच वेळा फोन उचलला, पाच वेळा ठेवला. तिची झोपायची वेळ असेल. मग जेवायची. मग पुन्हा झोपायची.

९ एप्रिल
मुलीचा फोन. रोज भांडणं होतात. काही दिवस घरी येऊ का, एकटीच? किती दिवस ते माहीत नाही. ही मुलीच्या खोलीतला पलंग झाडायला गेली.

१२ एप्रिल, दुपारी ४
मुलगी आली. हात गळ्यात अडकवलेला. जावई बॅग घेऊन फाटकापर्यंत आला. मी म्हणालो, आत ये. तो म्हणाला, नको, सर.

त्याच्या मागे कोपऱ्यापर्यंत गेलो. म्हणालो, आज तिला खरं सांगतो, ऐकल्यावर ती तुझ्याकडे परत येईल. तो म्हणाला, आत्ता नको, सर. माझ्यावरचा तिचा विश्वास उडालाच आहे, तुमच्यावरचाही उडाला तर ती जाईल कुठे? एक घर तरी राहू दे तिला.

मी हो म्हणालो. लगेच. त्याचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.

तो गेला. परत येताना मला हलकं वाटत होतं. इथे दुसरं कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मला बरं वाटलं.