शाळेभोवतीची दोरी

३ फेब्रुवारी १९४४

मामलेदार कचेरीतून नवे नियम आले. जुन्यांपेक्षा कडक. उत्तम!

आठवड्याचा बाजार बंद. भजन, कुस्त्या, जत्रा बंद. लग्नाला पाचच माणसं. गावातल्या रिकाम्या घरात देवापुढे दिवा लावायलासुद्धा पाऊल टाकायचं नाही. बाहेरगावाहून येईल त्याने दहा दिवस माळावरच्या शाळेत वेगळं राहायचं. शाळेभोवती आम्ही दोरी बांधली आहे. दोरीच्या आत गेलेला माणूस दहा दिवस आतच, हा नियम मात्र माझ्या हातचा.

संक्रांतीला उंदीर पडले तेव्हापासून सगळं गाव शेतातल्या झोपड्यांत आहे. घरांची कौलं उतरवली आहेत, ऊन थेट चुलीपर्यंत जातं. अजून एकही माणूस पडलेलं नाही. ते तसंच राहावं म्हणून प्लेग-कमिटी आहे. कमिटीत चार पुरुष आणि मी. पुरुष मान डोलावतात, मी लिहिते.

शाळेत सध्या एकच पाहुणा — मिरजेचा बांगडीवाला लियाकत. एक तारखेला आला. वर्गात बाकावर बसून दिवसभर बांगड्या पुसतो. मी दोरीपाशी गेले की उठून उभा राहतो. तीस वर्षं मुलींना शिकवलं, पण इतका शिस्तीचा विद्यार्थी मिळाला नव्हता.

४ फेब्रुवारी

पाटलांचा प्रश्न — नियम म्हशींना लागू आहेत का? दोन वेळा विचारला.

६ फेब्रुवारी

केरबा हा गावचा जागल्या. दोरीवर राखण तोच करतो. नियम त्याला तीनदा वाचून दाखवले. मान हलवून म्हणाला, "समजलं की बाई. सुतकावानीच हाय. धा दिस शिवायचं न्हाई, अकराव्या दिशी आंगूळ करून मोकळं."

म्हटलं, तसंच समज. निदान दहा आकडा तरी लक्षात राहील.

दुपारी राहीबाई पत्र घेऊन आली. माझ्या शेजारच्या झोपडीत राहते, माझं जेवण करते, आणि मला न विचारता माझ्या आयुष्याबद्दल मतं देते. पत्र तिच्या मुलाचं. ज्ञानू पलटणीत आहे. नऊ तारखेला रजेवर येतोय, बावीसला परत निघायचं. तिथून कुठे ते पत्रात लिहू देत नाहीत. पण ब्रह्मदेशच, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी त्याची सोयरीक खालच्या वाडीच्या साळूशी झाली आणि आठवड्यात त्याला बोलावणं आलं. पोरगी दोन वर्षं थांबली आहे. आता एकविशीची. वाडी तिला घोडनवरी म्हणते.

"बाई, चौदाला मुहूर्त धरलाय."

"नऊला आला की एकोणीसपर्यंत शाळेत. लग्न वीसला."

"आणि बावीसला जानार? दोन दिसाचा संसार!"

"पाचच माणसं. वाजंत्री नाही."

"आवं, लढाईवर जायचंय पोराला. परत येईल न येईल—" पुढचं तिने गिळलं. मग म्हणाली, "तुमास्नी कुनाची वाट बगावी लागली न्हाई, म्हनून."

भाकरी आज जरा करपलेली होती. मुद्दाम की रागात, कळायला मार्ग नाही.

९ फेब्रुवारी

ज्ञानू आला. कोल्हापूरच्या छावणीत दोन दिवस काढून आलाय, आणि तिथे साथ आहे. दोरीपाशी आला, नियम ऐकला, टाच आपटून सलाम केला आणि आत गेला. "बाई, ऑर्डर म्हंजे ऑर्डर." असे वीस जण गावात असते तर कमिटीची गरजच नव्हती.

आई दोरीबाहेर पंधरा हातांवर बसून रडली, मग त्याच्या मिशांवर हसली, मग पुन्हा रडली.

रात्री झोपताना वाटलं — वीसचं लग्न अठराला केलं तर? छे! माझ्या घरी १९०९ च्या साथीत एक मावशी "नुसतं तोंड बघून जाते" म्हणत आली होती. माझी धाकटी बहीण सात वर्षांची होती. एवढं पुरे.

११ फेब्रुवारी

लियाकतचे दहा दिवस भरले. मी कमिटीच्या परवान्यावर शिराळ्याला कामाला गेले होते, सोडायचं केरबावर सोपवलं. कागदांच्या गठ्ठ्यांवर सह्या करून अंग आंबलं.

१२ फेब्रुवारी

सकाळी राहीबाईच्या झोपडीपाशी मीठ मागायला गेले. आत ज्ञानू! चुलीपाशी मांडी घालून पिठलं-भाकरी खात होता. आई त्याला तव्यावरची वाढत होती आणि मधूनच त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

मी दारातच थांबले. तो ताट बाजूला सारून सावधान उभा राहिला. तोंडात घास तसाच.

"तुला कोणी सोडलं?"

"केरबातात्यानं. म्हनला, तुजं बी झालं."

केरबाला बोलावलं. तो अगदी शांत. "बाई, लियाकतभाईचं पयलं चालू हुतं का न्हाई? त्यात ज्ञानूचं पडलं. पयल्या सुतकात दुसरं पडलं की पयल्यासंगंच मिटतं. शास्तरच हाय. दोघास्नी आंगूळ कराया लावून सोडलं."

"केरबा, हे सुतक नाही!"

"तुमीच म्हनला की, तसंच समज."

म्हटलं होतं. मीच म्हटलं होतं! आणि दोघांना एकाच वर्गात मीच ठेवलं होतं. म्हणजे लियाकतचे दहा दिवसही ज्ञानू आला त्या दिवशीच बाटले. हे कॉलेजात शिकलेल्या बाईच्या लक्षात आलं नाही, आणि केरबाला मी काय म्हणून बोलू?

सुदैवाने झोपडीत तिसरं कोणी शिरलं नव्हतं. दृष्ट लागेल म्हणून राहीबाईने पोराला लपवूनच ठेवलं होतं. चौदाच्या मुहूर्तासाठी वाडीला निरोप तेवढा धाडला होता. लियाकत ओढ्याकाठी एकटाच सापडला, बांगड्यांच्या पेटीवर डोकं ठेवून. त्याने अजून एकही हात धरला नव्हता.

दुपारपर्यंत तिघंही दोरीच्या आत. ज्ञानू, राहीबाई, लियाकत. दिवस पुन्हा पहिल्यापासून, बावीस तारखेपर्यंत. तिघांना आता वेगवेगळ्या खोल्या. केरबाला दहा वेळा म्हणायला लावलं — ज्याचे त्याचे दिवस ज्याला त्याला.

लियाकत म्हणाला, "बाई, एवढे दिवस तर माझ्या सासुरवाडीनंसुद्धा ठेवून घेतलं नाही."

राहीबाईने गाठोडं बांधलं. बावीसला ज्ञानू शाळेतून निघेल तो थेट ताकारी स्टेशनावर. लग्न संपलं. तिला कळलं, मलाही कळलं. ज्ञानूने आईचं गाठोडं उचललं आणि पुढे चालला.

आज जेवण मीच केलं. जेवण म्हणणं जरा जास्तच होईल.

१३ फेब्रुवारी

राहीबाई दोरीच्या आतून ओरडली — कालपासून पहिल्यांदाच. "बाई! नवरा हजर नसला तर खांड्यासंगं, तलवारीसंगं लगीन लागतं का न्हाई? आमच्यात लागतं. माज्या आजीचं तसंच लागलं हुतं, आजा पलटनीत हुता."

नियम काढून पाहिले. लग्नाला पाच माणसं. त्यात नवरदेव माणूसच असला पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. मामलेदारांना हे सुचलं नसावं.

तलवार नाही, म्हणून राहीबाईच्या झोपडीच्या दारावर टांगलेली कट्यार आणायला केरबाला पाठवलं. फिनेलच्या बादलीत तासभर बुडवून ठेवली. गुरव म्हणाला, देवाच्या कार्यातली वस्तू, असा वास? म्हटलं, देवाला वास सोसवेल, प्लेग सोसवणार नाही.

आता वरमाई कोण? आई आत. बाप मुंबईत गिरणीत, त्यालाही नियमाने येता येत नाही. राहीबाईने दोरीआडूनच ठरवून टाकलं — "तुमी!"

मी! चौपन्न वर्षांची, बिनलग्नाची. गुरवाने तोंड उघडलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने ते मिटलं.

१४ फेब्रुवारी

लग्न लागलं.

वाडीहून साळू, तिचा बाप नाथाजी आणि मामा आले; वाडी आमच्याच गावात मोडते, म्हणून दहा दिवसांचा नियम आडवा आला नाही. गुरव आणि मी धरून पाच. केरबा मोजायला उभा. तो मोजणारा, म्हणून मोजायचा नाही, असं त्याचं म्हणणं. मान्य केलं.

दोरीपासून पंधरा हातांवर पाट. त्यावर कट्यार, कट्यारीला ज्ञानूच्या पलटणीच्या पट्ट्यासारखा लाल फेटा. साळूच्या हातात हिरवा चुडा — लियाकतचा, पण फिनेलमधून काढलेला. तो खिडकीतून सांगत होता, "अंगठा आत मुडपा, मग चढेल!" नाथाजीने तीन बांगड्या फोडल्या.

राहीबाई दुसऱ्या खिडकीतून. "बाई, पदर सावरा! बाई, तांब्या उजव्या हातात! आवं बाई, वरमाई असं ताठ बसत न्हाई, जरा रुसा की!" रुसणं मला जमेना. शेवटी नाथाजीनेच न रुसलेल्या वरमाईचे पाय धुतले आणि लुगडं दिलं. मी ते घेतलं. नियमात बसतं का, पाहिलं नाही.

ज्ञानू तिसऱ्या खिडकीत. सगळा वेळ सावधान. अंतरपाट दूर झाला तेव्हा साळूने कट्यारीकडे पाहायचं, तर तिने सरळ खिडकीकडे पाहिलं. त्याचा सलाम अर्ध्यावरच राहिला, आणि हात कुठे ठेवावा ते त्याला कळेना. आमच्या शाळेत चौथीपर्यंत होती ती. वर्गात कधी तोंड उघडलं नाही. आजही नाही.

ठरलं ते असं — आज सगळ्यांनी माझ्या झोपडीपाशी मुक्काम करायचा. उद्या साळू बापाबरोबर वाडीला. ज्ञानू बावीसला ताकारीला. पुढचं लढाई संपल्यावर.

राहीबाईने दोरीआडून मला हात जोडले. मी नवं लुगडं काखेत मारलं आणि निघाले.

१५ फेब्रुवारी

सकाळी हजेरीला गेले. दोरीच्या आत चौघं. साळू नवऱ्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होती. नाथाजी बाहेरून ओरडत होता, "ये भाईर!" ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, मी त्यास्नी शिवले. आता धा दिस भाईर येता येत न्हाई."

नियम मीच लिहिला आहे. ज्ञानूला शाळेतली हेडबाईंची खोली दोघांसाठी झाडून घ्यायला सांगितली. तिला आतून कडी आहे.