दुखण्याचा खाका

सोमवार, ३ फेब्रुवारी
रिपोर्ट नॉर्मल. चौथ्यांदा! रक्त नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, मणक्याचा फोटो नॉर्मल. मी सोडून सगळं नॉर्मल.
सासूबाईंनी लिफाफ्याकडे बघून विचारलं, "काही निघालं?" नाही म्हटलं. "मग?" म्हणाल्या आणि भाजी निवडायला बसल्या. दिवसभर ते 'मग' माझ्या मागे मागे.

बुधवार, ५ फेब्रुवारी
कारखान्यात कापायचं मशीन हातातून सुटलं. नेमकं मालकीणबाईंनी पाहिलं. "गणवेशांचं काम तोंडावर आलंय. एप्रिलअखेरपर्यंत कटिंगचं टेबल सांभाळलंस तर ठीक, नाहीतर तुला पॅकिंगला बसवते. वाईट वाटून घेऊ नकोस."
वाईट वाटून घेऊ नकोस म्हणे! बावीस वर्षं कापड बेततेय मी. दुसऱ्यांनी शिवलेल्या शर्टांच्या घड्या नाही घालणार. नाही म्हणजे नाही!

मंगळवार, ११ फेब्रुवारी
नव्या डॉक्टरीणबाई. फक्त जुनाट दुखण्यांचंच बघतात. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. एक कागद दिला — माणसाचं चित्र, पुढून आणि मागून. "आठवडाभर रोज जिथे दुखेल तिथे रंगवा. शेजारी आकडा, शून्य ते दहा."
पण ते चित्र किती बेढब! एक खांदा वर, एक खाली. असल्या मापावर मी खूण करू? घरी येऊन ब्राऊन पेपरवर माझ्याच मापाचा खाका काढला. पुढा, पाठ, दोन बाह्या, पाय वेगळे. ह्यांनी विचारलं, "कुणाचा ड्रेस?" म्हटलं, माझ्या दुखण्याचा. हसले नाहीत. टेप धरायला बसले. बरं वाटलं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
मान ७. दोन्ही मुंढे ८. कंबर ६. लाल खडू संपत आला.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
खाका टेबलावर मावेना, म्हणून जमिनीवर पसरला. डॉक्टरीणबाई गुडघ्यांवर बसल्या, मी स्टुलावर. मला वाटलं, दिलेला कागद भरला नाही म्हणून ओरडतील. त्यांनी एकेका लाल खुणेवर बोट ठेवत आकडे वाचले.
"किती दिवस?" तीन वर्षं. "झोप?" लागते, पण उठते ती दमूनच. "बोलता बोलता साधे शब्द आठवत नाहीत, असं होतं?" — हे डॉक्टरीणबाईंना कुणी सांगितलं!
मग खांदे, कोपरं, मांड्या दाबून पाहिल्या आणि नाव सांगितलं. फायब्रोमायॅल्जिया. मी तीनदा म्हणून घेतलं. "रक्तात दिसत नाही हे. आधीच्या तपासण्या दुसरं काही नाही ना, ते बघायला होत्या. हे ओळखायचं तुमच्या सांगण्यावरून. दुखणं खरं आहे. नसा आणि मेंदू साधा निरोपसुद्धा ओरडून सांगतायत."
खरं आहे! बसस्टॉपवर खुशाल रडले.

रविवार, २३ फेब्रुवारी
एक गोळी, अगदी कमी मात्रेची. रोज दहा मिनिटं चालणं, दर आठवड्याला थोडं वाढवत. पुरतं जाईलच असं नाही, पण आटोक्यात येतं म्हणाल्या.
सासूबाई: "एवढं लांबलचक नाव, आणि औषध काय, तर फिरून यायचं!"

शनिवार, ८ मार्च
आकडा ३! तीन!! त्या आनंदात दोन दिवसांचं कापड एका दिवसात उडवलं. कापडाच्या साठ थरांचा गठ्ठा, एका दमात. मालकीणबाई बघतच राहिल्या.

रविवार, ९ मार्च
९.

सोमवार, १० मार्च
९. रजा. उशीसुद्धा टोचतेय.

बुधवार, १२ मार्च
डॉक्टरीणबाईंना फोनवर महिन्याचे आकडे वाचून दाखवले. "तीनच्या दुसऱ्या दिवशी काय आहे?" नऊ. "त्याआधीच्या चारनंतर?" नऊ. बरं वाटलं की जास्त काम करून मीच दुखणं ओढवून घेते!
"चांगल्या दिवशी थांबायचं. वाईट दिवशी थोडं तरी करायचं."
अहो, पण कापता कापता गठ्ठा सोडून उठलं की थर सरकतात! कटिंगवाली उठत नसते. असं म्हटलं, फोन ठेवला, आणि मग डोक्यात आलं — गठ्ठाच लहान लावला तर?

मंगळवार, १ एप्रिल
वीस थर. वीस मिनिटं. मग उठून पाण्याची बाटली भरून आणायची. मालकीणबाई: "हा काय पोरखेळ?" मी तोंड बंद ठेवलं, मशीन चालू ठेवलं. आज ५.

बुधवार, ३० एप्रिल
जिंकले!!
महिन्याचं काम मोजलं. एकही रजा नाही, एकही शर्ट कमी नाही. शिवाय खालच्या थरातला एकही तुकडा वाकडा नाही, कारण वीस थर सरकतच नाहीत! मालकीणबाईंनी चष्मा लावून पुन्हा मोजलं. मग म्हणाल्या, "टेबल तुझंच. आणि बाकीच्यांनाही हे वीसचं शिकव."
आकडा ४. दुखतंय की. पण टेबल माझं!

शुक्रवार, २ मे
दुपारी सासूबाई ब्राऊन पेपर घेऊन खोलीत आल्या. दार लावून घेतलं. "माझं माप घे." खाका काढून दिला. लाल खडूने त्यांनी सगळी पाठ भरली, मग दोन्ही पाय.
"केव्हापासून, आई?"
"तुझा नवरा रांगत होता तेव्हापासून," म्हणाल्या. "पण माझे रिपोर्ट नॉर्मल होते ना."