मरणाच्या वेळची मेणबत्ती

आई, सोमवारी माझं हृदयाचं ऑपरेशन आहे आणि मी भयंकर घाबरले आहे. कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून तुला सांगते. अलिबागच्या डॉक्टरांनी मुंबईला जायला सांगितलंय, उद्या रो-रो बोटीने निघायचं. तुझ्या कबरीवरचा लाकडी क्रूस खाऱ्या वाऱ्याने कधीच खाल्ला, आता सिमेंटचा आहे. सकाळी तिथं जाऊन आले. पदराने क्रूस पुसला आणि घरी येऊन हे लिहायला बसले.

गावात कुणाचं शेवटचं आलं की एक माणूस फादरना बोलवायला धावायचा आणि दुसरा तुला. तू मासळीचे हात धुवायचीस, तांदळाच्या डब्यातून ती मेणबत्ती काढायचीस, फेब्रुवारीच्या सणाला चर्चमध्ये आशीर्वाद देऊन आणलेली, आणि चालू लागायचीस. मरणाऱ्याची बोटं मेणबत्तीभोवती मिटायची, वरून आपला हात धरायचा आणि कानात येशूचं नाव घेत राहायचं, जीव अंधारात जाऊ नये म्हणून. मलाही न्यायचीस. एका दुपारी शेजारच्या म्हाताऱ्या तांडेलाच्या घशात घरघर लागली आणि मी जी पळाले ती थेट नारळीच्या वाडीत. संध्याकाळी स्वयंपाकघरात तू बोंबील साफ करते आहेस, माझ्याकडे बघतही नाहीस. "पळतेस कुठं? तुझ्या वेळेला सगळी अशीच पळाली तर?" मग जरा नरमलीस. "मरण हाय ते, वाघ न्हाय. कुणाशी वाकडं ठेवायचं न्हाय, मन धुतल्या कापडासारखं ठेवायचं. मग कधी का बोलावणं येईना." आणि तू तसं वागायचीस, बाई! रोज झोपण्याआधी कुंपणाशी जाऊन शेजारणीला "चुकलं असेल तर माफ कर गं" म्हणायचीस, आणि सकाळी पुन्हा कुंपणापलीकडे पडलेल्या नारळावरून कडाकडा भांडायचीस. मला हसू यायचं. पण वाटायचं, हिला मरणाचं भय ते काय असणार.

मग तुझी वेळ आली. फादर शेवटचं पवित्र तेल लावून गेले होते, बाहेर लख्ख ऊन होतं. मी मेणबत्ती पेटवली आणि तू शिकवलं होतंस तशी तुझी बोटं तिच्याभोवती मिटली. तू ती बाजूला सारलीस. "नको. आत्ता नको गं." मला वाटलं, हातात ताकद नाही. पुन्हा दिली, तर माझ्याकडे असं पाहिलंस की मला कळलंच. आई, तू घाबरली होतीस. मेणबत्ती सोडून तू माझं मनगट धरलंस आणि शेवटपर्यंत तेच धरून राहिलीस. मेणबत्ती माझ्या दुसऱ्या हातात जळत राहिली. तुझ्या मातीच्या दिवशी, चर्चमधल्या मिस्साच्या वेळी फादर म्हणाले, या बाईसारखी तयारी ठेवा. बाया डोळे पुसत होत्या आणि मी बाकावर बसून तू धरलेलं मनगट चोळत होते. अख्ख्या गावाला धीर देणारी तू, तुझं असं झालं तर माझं काय होणार?

आता मीही सगळं केलंय. पापनिवेदन झालं, तेल लावून झालं, बांधावरून अबोला धरलेल्या जावेकडे जाऊन तिच्या हातचा कडू चहासुद्धा पिऊन आले. आणखी काय धुवायचं राहिलं ते तरी सांग! तरी भीती हलत नाही. रोझरीची माळ म्हणताना मरणाच्या घटकेचा शब्द आला की तो वगळून पुढं जावंसं वाटतं. काल सून पिशवी भरत होती. डब्यातली मेणबत्ती मी तिच्या हातात दिली तर म्हणाली, "अहो आई, तिथं ऑक्सिजन असतो, पेटवू न्हाय देणार. आणि आम्हाला तरी आत कुठं सोडतायत?" म्हणजे कुणी पळालं नाही तरी सगळी काचेच्या पलीकडेच. येशू आत असणार हे मी मानते, अगदी मनापासून मानते. पण तुला धरायला माझं मनगट होतं गं. मी कुणाचं धरू?

तुला नावं ठेवत नाही. उलट, तुझे ते डोळे आठवले की आज थोडं बरं वाटतं. तू घाबरलीस आणि तरी गेलीस, आणि तुला येशूने पदरात घेतलंच असेल. मग मलाही घेईल, भित्रीला.

हे पत्र कुठं टाकणार? तांदळाच्या डब्यात मेणबत्तीची जागा रिकामी झाली आहे, तिथंच ठेवते. मेणबत्ती मी सुनेच्या नकळत साडीत गुंडाळून पिशवीत घातलीच. काडेपेटी मात्र घातली नाही. ते काही ऑक्सिजनमुळे नाही. आत्ता नको गं, आई.