केबिन रोडवरचा नमुन्याचा दरवाजा

शनिवार, ४ नोव्हेंबर १९९५

नोटीस परत आली! लिफाफ्यावर पोस्टमनचा शेरा – ‘दुकान बंद’. ही तिसरी.

सगळं क्रमाने लिहून ठेवते, म्हणजे रागाच्या भरात काही सुटणार नाही. गेल्या वर्षी मार्चमध्ये केबिन रोडवरच्या काशीनाथ सुताराने बाबांचं सागवानी टेबल नेलं. त्याच फळ्यांचं समिधासाठी पुस्तकांचं कपाट करणार होता. आणून दिलं प्लायवुडचं. वर सागवानी रंगाचं पॉलिश. जुलैत कपाटाचा तळ फुगला. समिधाने नखाने पापुद्रा ओढला – “आई, हे तर पुठ्ठ्यासारखं निघतंय!” मी ठाण्याच्या ग्राहक मंचात तक्रार केली. काशीनाथ एकाही तारखेला आला नाही. या जूनमध्ये निकाल लागला : पंचेचाळीस दिवसांत सागवान परत करावं. मुदत केव्हाच उलटली. म्हणून आता कलम सत्तावीस – आदेश न पाळणाऱ्याला दंड किंवा कैद. पण त्यासाठी आधी नोटीस त्याच्यापर्यंत पोहोचायला हवी.

वर्गात मी मुलींना सांगते, समीकरण लिहिलं म्हणजे प्रयोग झाला असं नव्हे. निकालाचंही तेच!

मंगळवार, ७ नोव्हेंबर

जेवताना हे म्हणाले, “त्याचा रंधा उचलून आणा. दोन दिवसांत सरळ होईल.”

मी समजावलं – जप्तीतसुद्धा कारागिराची हत्यारं नेता येत नाहीत. तशी तरतूदच आहे.

“म्हणजे कायदा त्याच्या बाजूने?”

“त्याच्या पोटाच्या बाजूने.”

हे हसले. पण कायद्यातली ती ओळ वाचून मला खरोखर आनंद झाला होता. तक्रारदार मीच असूनही!

शुक्रवार, १० नोव्हेंबर

उलगडलं! सुतार दिवसभर लोकांच्या फ्लॅटमध्ये कामाला असतो. गिऱ्हाइकं कामावरून परतली, की संध्याकाळी साडेसहाला दुकान उघडतो. पोस्टमन जातो सकाळी अकराला. पोस्टमन खरं तेच लिहितोय. चुकतेय ती वेळ.

सोमवार, १३ नोव्हेंबर

ठाण्याला जाऊन ‘हमदस्त’ परवानगी आणली, म्हणजे नोटीस मीच हातोहात द्यायची. घेतली नाही, तर दोन साक्षीदारांसमक्ष दर्शनी जागी चिकटवायची. लिपिक चष्म्यावरून बघत म्हणाले, “बाई, तुम्ही स्वतः जाणार? भांडेल तो.”

भांडू दे. बत्तीस वर्षांचा आवाज आहे माझा, शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो.

शनिवार, १८ नोव्हेंबर

साक्षीदार दोन : माझ्या शाळेतली शुभदा आणि शेजारचे जयंतीभाई. ते वाटेभर म्हणत होते, “भाभी, छोडो ना, ऐसे लोग सुधरते नहीं.” तरी आले!

काशीनाथने कागदाकडे पाहिलंही नाही. “बाई, तो कागद चहात बुडवा आणि प्या. आमचं दुकान बंद झालंय.” आणि माझ्या नाकासमोर शटर खाली ओढलं. मी घरून मैद्याची खळ नेलीच होती. शटरच्या बरोबर मध्यभागी नोटीस चिकटवली. चारही कोपरे सपाट.

रविवार, १९ नोव्हेंबर

पहाटे जाग आली ती एका विचाराने – शटर वर जातं तेव्हा गुंडाळलं जातं! त्याबरोबर माझी नोटीसही. रसायनशास्त्र शिकवणारी मी, आणि एवढी साधी यंत्रणा लक्षात येऊ नये!

संध्याकाळी तिघं पुन्हा गेलो. दुकानाबाहेर साखळीने बांधलेला त्याचा नमुन्याचा दरवाजा उभा असतो. गिऱ्हाइकांना तो त्यावर थाप मारून दाखवतो – “असली सागवान!” नोटीस त्याच्यावर चिकटवली आणि तळहाताने घासू लागले. हाताला काहीतरी लागलं. खाली वाकून पाहिलं.

लाखेचे डाग. तीन.

बाबा पोस्टमास्तर होते. टपालाच्या थैल्यांना लाख लावताना टेबलावर पडलेले थेंब ते. मी लहानपणी पट्टी लावून मोजलेले.

जयंतीभाईंकडून मोजपट्टी मागवली.

मंगळवार, १२ डिसेंबर

आज सुनावणी. कैदेची तरतूद ऐकून काशीनाथ आला होता. म्हणाला, “साहेब, दरवाजा माझाच. सागवान काय एकट्या बाईंकडेच असतं?”

अध्यक्षांनी मला विचारलं, “आपलंच लाकूड, हे कशावरून?”

मी माझ्या मूळ तक्रारीचं दुसरं पान उघडायची विनंती केली. तिथे टेबलाचं वर्णन आहेच : लाखेचे तीन डाग, पहिल्या दोहोंत पावणेतीन इंच, पुढच्या दोहोंत सव्वा. मग दोन्ही साक्षीदारांच्या सह्या असलेलं दरवाजाचं मोजमाप पुढे ठेवलं. तेच आकडे! गरम लाख सागवानात मुरते, रंध्याने पूर्ण जात नाही, हेही सांगणार होते, अध्यक्ष म्हणाले, “पुरे, बाई. समजलं.”

काशीनाथ खाली बघत म्हणाला, “देतो. पाठवून देतो.”

परतताना शुभदा म्हणाली, “तुम्ही तासभर शिकवल्यासारख्या बोललात.” मी पाचच मिनिटं बोलले होते. पण आज मान ताठ आहे. आणि कारणही आहे!

शनिवार, १६ डिसेंबर

दरवाजा आला. टेंपोवाल्याने आमच्या सिल्व्हर पार्कच्या तीन जिन्यांना मनसोक्त शिव्या दिल्या. सोमवारी दुसरा सुतार येईल, फळ्या सोडवील. समिधाने पुस्तकांची रांग लावूनही ठेवली आहे.

रविवार, १७ डिसेंबर

सकाळी शेवंती आली. आमच्या इमारतीत धुणीभांडी करते. दरवाजा पाहून उंबऱ्यातच थांबली. “बाई, ह्यालाच हात लावून मी त्या सुताराकडं कपाट सांगितलं व्हतं. लेकीच्या लग्नाला. तिच्या सासरी नेलं आन् पावसात फुगलं. मला लिवता येत न्हाय. माझा पन अर्ज लिवाल?”

समिधाने माझ्याकडे पाहिलं. मग पुस्तकं परत खोक्यात भरली. दरवाजा तसाच राहायला हवा. आता तो शेवंतीचाही पुरावा आहे.

दोन स्टुलांवर तो आडवा टाकला. बाबा याच फळ्यांवर गावातल्या लोकांची पत्रं लिहून देत. उजव्या मनगटाखाली लाखेचे डाग लागले. कागद सरळ केला आणि विचारलं –

“शेवंती, पूर्ण नाव सांग.”