बाबांची धक्क्याखालची बुडी

कूरा डाउन्स, लोकर कातरायची शेड
३ नोव्हेंबर १९८९

ती. मॉर्वेनाताईस,
धाकट्या जोरीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वाचून लोकरीच्या गाठोड्यात कोंबलं, मग उपसून काढलं, आता त्याला मेंढीचा वास येतोय. इथल्या आचाऱ्याला दाखवलं तर म्हणाला, बहीण आहे की जेलर?

बाबांना पाण्यात जाऊ देणार नाही म्हणतेस. अधिकार कुणी दिला? डॉक्टरने. तो डॉक्टर स्वतः कधी गुडघ्याच्या वर पाण्यात गेलाय का? अगं, इस्टरनंतर आपला जुना धक्का पाडणार. खांब उपटताना भोवतीचं समुद्रगवत उपटलं जाणार, मग समुद्रघोड्यांच्या जातीतले ते सी-ड्रॅगन राहणार कुठे? बाबांनी जन्मभर त्या खांबांखाली अर्ध्या गावाला बुडी मारायला शिकवलं. त्यांनी आणखी एकदा अंडी वागवणारा नर पाहायचा नाही, आणि घरात बसून तुझं भोपळ्याचं सूप प्यायचं? शरम वाटू दे.

माझा बेत ऐक. या महिन्याचा तिसरा रविवार. सकाळी भरती चढून थांबते, पाणी धक्क्याच्या खालच्या फळीला टेकतं. बाबांनी शिडी उतरायला नको, फळीवर बसून नुसतं सरकायचं. वारा उत्तरेचा असेल तरच. दक्षिणेचा सुटला तर घरी बसून पास्टी खाऊ. खोली किती, तर आपल्या घराच्या छपराच्या उंचीएवढी. मी त्यांचा हात धरीन.

इथे शेडखाली बीळ करून डुकराएवढा एक वॉम्बॅट राहतो. फळ्यांना पाठ घासतो. परवा आचाऱ्याला भूकंप वाटला आणि तो चड्डीवरच मेंढ्यांत जाऊन उभा राहिला. हे कशाला सांगतोय? हं, राग. राग आहेच.

तरी लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
जोरी


पोर्ट टालान
९ नोव्हेंबर

चि. जोरीस,
मॉर्वेनाचे अ. उ. आ. (रागातसुद्धा आशीर्वादच द्यावे लागतात, म्हणून.)

तू वर्षातून एकदा उगवतोस, मळके कपडे माझ्या मशीनमध्ये टाकतोस, बाबांच्या डोक्यात काहीतरी भरवून देतोस आणि चालता होतोस. मग ते रबरी सूट काढून त्याला पावडर चोळत बसतात. जूनमध्ये ते स्वयंपाकघरात कोसळले तेव्हा कुठे होतास? उत्तरेत कलिंगडं तोडत होतास. त्यांचे ओठ निळे पडलेले मी पाहिलेत. तू ते पत्रात वाचलंस, आणि उत्तरात मला मगरीची गोष्ट लिहून पाठवलीस.

हात धरीन म्हणे! तुला लहानपणी पाव आणायला पाठवलं तर तू बेडूक घेऊन यायचास. पाण्यात एखादी कटलफिश दिसली की तू तिच्या मागे, आणि बाबा तिथेच.

तुझा बेत मी त्यांच्या कानावर घालणार नव्हते. पण नालायका, तू त्यांना वेगळं पत्र टाकलंस! काल हवेच्या टाक्या भरून आण म्हणाले. डोळे असे चमकत होते की आई गेल्यानंतर मी तसे पाहिले नव्हते. आता नाही म्हणणारी वाईट मी एकटीच. ठीक आहे, ये. पण पाण्यात तिसरी मी असेन. तुझ्या भरवशावर मी आपलं मांजरही सोडणार नाही.

काळजी वाहून थकलेली, तरी तुझीच,
ताई

ता. क. मेंढीच्या तेलाने माखलेले कपडे या घरात आणायचे नाहीत.


हमरस्ता, ट्रकवाल्यांचं हॉटेल
१९ नोव्हेंबर, रविवार

ताईस,
न. वि. वि. (हात जोडायची इच्छा नाही, पण रीत आहे.)

जेवणावर लाथ मारून निघालो. पहिल्या ट्रकवाल्याने इथपर्यंत सोडलं. इथे मालकिणीचा काकाकुवा आहे, प्रत्येक गिऱ्हाइकाला चालता हो म्हणतो. एरवी मी तासभर त्याच्याशी भांडलो असतो. आज हसूसुद्धा येत नाही.

वारा उत्तरेचा होता, ताई! पाणी असं नितळ की वरून गवताचं पातं न् पातं दिसत होतं. आदल्या दिवशी बुडी मारून आलेले लोक सांगत होते, आतल्या खांबांपाशी नर आहे, शेपटीखाली गुलाबी अंडी चिकटलेली, अंगाला पानांसारख्या झालरी, आणि गवतात असा मिसळून जातो की नाकासमोर असून सापडत नाही. बाबा फळीवरून सरकले. कमरेपर्यंत पाण्यात होते. तोंडात नळी होती. आणि तू हात वर करून म्हणालीस, आजची बुडी मोडली.

बाबांनी नळी काढली, पायातले फिन सोडले आणि म्हणाले, बरं. बरं! जन्मात कुणाचं ऐकलं नाही त्या माणसाने.

नियम मला माहीत आहे. पोहायच्या आधी त्यांनी तो आपल्याला शिकवला. बुडीला निघालेल्यांपैकी कुणीही, अगदी शेवटच्या घटकेलाही, बुडी मोडू शकतो, आणि का मोडली हे विचारायचं नाही. पाण्यात नाही, घरी नाही, कधीच नाही. मी विचारलं. सगळ्या धक्क्यासमोर ओरडून विचारलं. तू तोंड शिवल्यासारखी टाक्या गाडीत भरत राहिलीस.

पुन्हा विचारतो. का? तू डॉक्टरशी संगनमत करून आली होतीस. तिसरी मी असेन, ते याचसाठी. बाबांचाच नियम वापरून तू बाबांना फसवलंस.

लोभ असावा हे आज माझ्याच्याने लिहवत नाही.
जोरी


पोर्ट टालान
२३ नोव्हेंबर

चि. जोरी यास,
बाबांचा आशीर्वाद.

तुझं पत्र मॉर्वेनाने वाचून टेबलावर टाकलं आणि कपडे वाळत घालायला गेली. मग मी वाचलं.

त्या धक्क्यावर का म्हणून विचारणारा पहिला माणूस माझा मुलगा निघाला. धक्क्यावरचे लोक माझ्याकडे बघत होते. मला तुझा भयंकर राग आला, अजून आहे. नियम कशासाठी ते ऐक. का विचारलं की माणूस कारण शोधायला लागतो. सांगण्यासारखं सापडलं नाही की लाजेपायी खाली जातो. अशी माणसं मी वर काढलेली आहेत.

आता मॉर्वेना जे मेली तरी सांगणार नाही ते मीच सांगतो. पाण्यात सरकल्याबरोबर माझा डावा हात बधिर झाला. कमरेच्या शिशाच्या वजनांच्या पट्ट्याचं बक्कल चाचपत होतो, ते बोटांना लागेना. छातीवर कुणीतरी येऊन बसलं. मला बुडी मोडायची होती. पण तू माझ्याकडे असा बघत होतास, गाढवा, की हात उचलवेना. मी तसाच खाली गेलो असतो. पोरीचे डोळे माझ्या बोटांवर होते. हात तिने उचलला.

तिने कुणाला काही सांगितलं नाही, मलाही नाही. तुझ्या शिव्या ऐकून गप्प आहे. मीही चार दिवस गप्प होतो, त्याचा राग सगळ्यात जास्त.

मी आता पाण्यात जाणार नाही. हे लिहायला मला दोन कागद फाडावे लागले. पण तो नर तिथे आहे, अंडी फुटेपर्यंत असेल. तुम्ही दोघं जा. मी फळीवर बसून वाट पाहीन, आणि वर आल्यावर मला नुसतं सुंदर होता म्हणून सांगाल तर याद राखा. अंडी टवटवीत की फिकट, झालर कुठे तुटलीय का, पोहतो कसा, सगळं पाहिजे.

तब्येतीस जप. आमच्या तब्येतीची चौकशी करू नये.
बाबा


कूरा डाउन्स
२८ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांनी लिहिलं. मी काही विचारत नाही.

पण राग जात नाही, त्याचं काय करू? मी चारचौघांत तुला ओरडलो आणि तू सरळ माझ्या तोंडात मारायला हवी होतीस. इथे आचाऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तिने नाही मारलं तर मी मारतो, आणि त्याने खरंच पाठीत धपाटा घातला. थोडं बरं वाटलं.

रविवारी येतो. वारा कुठलाही असो, येतो. वारा आणि पाणी बघून जायचं की नाही ते तू ठरव. गेलो तर नर मी शोधीन. तो शोधायला माझेच डोळे बरे, भरकटणारे. पण वर आल्यावर बाबांना तू सांग. अंडी, झालर, पोहणं, सगळं तूच सांग. मी बोलायला गेलो तर त्यांच्यासमोर रडेन, आणि त्यांना त्याचाही राग येईल.

लोभ वाढवू नकोस, तेवढी माझी लायकी नाही. आहे तेवढा ठेव.
तुझा,
जोरी