दोरीपलीकडची खोली

१२ नोव्हेंबर

म्युझियममध्ये जाऊन स्वतःचंच घर बघून आले! जुन्या मिलच्या ऑफिसात केलंय ते. चाळ पाडली तेव्हा आमचा संसार मीच त्यांना दिला होता — लोखंडी खाट, स्टोव्ह, पत्र्याची ट्रंक, ह्यांचा मिलचा डबा. सुबोधच्या फ्लॅटमध्ये कुठे मावणार? आता एका दालनात आमची खोली जशीच्या तशी उभी केलीय. भिंतीचा रंगसुद्धा तोच, निळा. पुढे दोरी. पाटी सावकाश वाचली — 'गिरणी कामगाराची खोली'. शाळेत गेले नाही, सुबोध लहान असताना त्याच्याबरोबर गिरवून शिकले, पण एवढं येतं.

स्टोव्हपाशी सिमेंटची एक बाई बसवलीय. अंगावर माझं हिरवं इरकल. नाक माझ्यापेक्षा बरंय.

ह्यांना सोबत नेलं होतं. ह्यांच्या डोक्यातलं एकेक निसटत चाललंय. फ्लॅटमध्ये दिवसभर दार हलवतात, घरी जाऊ द्या म्हणतात. इथे चपला काढल्या, दोरी ओलांडली, सरळ जाऊन खाटेवर बसले. आणि शांत झाले. असा चेहरा बघून किती दिवस झाले होते!

१४ नोव्हेंबर

राखणीला गौरम्मा म्हणून बाई आहे, अक्कलकोटकडची. दोरीच्या आत कुणाला सोडायचं नाही, असा नियम आहे म्हणाली. मग तीच मला म्युझियमच्या मोठ्या मॅडमकडे घेऊन गेली. मॅडम चांगल्या आहेत. वस्तू तुमच्याच आहेत आजी, सकाळी गर्दी नसते, बसू दे त्यांना, म्हणाल्या.

२ डिसेंबर

रोज रिक्षाने जातो. हे आता पोटभर जेवतात, झोपही लागते. तिथे त्या सिमेंटच्या बाईशी बोलत बसतात. आज तिला म्हणाले, 'कालवणात मीठ कमी हाय बग.'

गौरम्मा माझ्या कानाशी लागली — 'आजी, तुमची सवत लई शानी हाय. उलटून बोलत न्हाय.'

दोघी पोट धरून हसलो.

१९ डिसेंबर

आता मला 'बाई' म्हणतात. अहो, मी यशोदा, म्हटलं. तर म्हणाले, 'यशोदा घरी हाय की. वाट बगत आसंल. सोडा मला.'

ताटातलं तसंच राहिलं माझं.

१५ जानेवारी

गड्ड्याच्या जत्रेला आलेली माणसं म्युझियममध्येही लोटली. हे खाटेवर होते. लोक दोरीवरून वाकून बघायला लागले तसे उठले आणि ओरडले — 'पायताण भायेर काडा! बायकामाणूस हाय घरात!'

लोकांना वाटलं, नट बसवलाय. टाळ्या! सगळ्यांचे मोबाईल वर. हे घाबरले, पण मागे सरले नाहीत. तिच्या आणि लोकांच्या मधे उभे राहिले. तिचा पदर डोक्यावरून पुढे ओढला, परक्यांची नजर पडू नये म्हणून. मी त्या परक्यांतच उभी. दोरीच्या अलीकडे.

सुबोधला ऑफिसात कुणीतरी व्हिडिओ दाखवला. घरी आल्यावर चपला न काढताच म्हणाला, 'आई, बापाचा तमाशा केलास.' तू दिवसभर बाहेर, मी एकटी ह्यांना किती धरून ठेवू, म्हटलं. तो तसाच आत गेला.

१७ जानेवारी

मॅडमना सांगितलं, ती बाई तिथून काढा. का, म्हणून विचारलं त्यांनी. इरकल माझं आहे, मला नेसायचंय, म्हटलं. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी मान डोलावली. लोकांनी गोंधळ घातल्यापासून त्यांनाही ते दालन काही दिवस बंदच ठेवायचं होतं.

या वयात सिमेंटचा मत्सर! पण ठरवलंय. उद्या मीच बसणार तिथे. स्टोव्हपाशी, इरकल नेसून. मग तरी ओळखतील.

१८ जानेवारी

बसले. गौरम्मा ह्यांना आत घेऊन आली. ह्यांनी स्टोव्हकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, सगळी खोली धुंडाळली, खाटेखालीसुद्धा वाकून बघितलं. मग खाली बसून लहान पोरासारखे रडायला लागले. 'आमची यशोदा गेली ओ.'

मी आहे, मी आहे, किती वेळा म्हटलं. शेवटी जवळ जाऊन पाठीवरून हात फिरवत राहिले. दुसरं काय करणार? हळूहळू निवले. माझा पदर बोटांनी चाचपला. 'तिचं लुगडं तुमाला दिलं व्हय? बरं झालं.'

मग डोळे पुसून म्हणाले — उभ्या जन्मात माझ्या तोंडावर कधी म्हणाले नव्हते —

'लई चांगली हुती, बाई. तुमी बगायला पायजे हुती.'